करड्या जोडीची पांढरी पिले

सशाच्या रंगाविषयी बोलायला एक प्राध्यापक आकाशवाणीवर आला आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. बैलाच्या रंगाविषयी बोललो असतो, तर कोणी हसले नसते. बैल घेताना आपण शिंगे पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो आणि रंगही पाहतो. देवणी जातीच्या जनावरांत तर अंगावरचे काळे-पांढरे कोठे कसे वाटले गेले आहे, यावरून वानेरा, बाळंक्या, शेवेरा अशी निरनिराळी नावेच पडली आहेत. मग सशाच्या रंगाचा विचार करायला काय हरकत आहे? शिवाय गाईचे वेत पाहायला वर्ष लागते. सशाची मादी गाभण राहिल्यापासून साधारण एकतीस दिवसांत विते, आणि एका वेताला सहा-आठ पिले देते. आनुवंशिकतेचा नियम डोळ्यांनी पाहायचा असेल, तर याहून सोयीचे जनावर शोधूनही सापडायचे नाही.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका विद्यार्थ्यामुळे. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा. त्याच्या वडिलांनी करड्या सशांची एक जोडी विकत आणली. नर करडा, मादी करडी. पहिल्या वेताला सात पिले झाली. जन्मताना सारीच उघडी, गुलाबी. चार-पाच दिवसांनी लव दिसू लागली तेव्हा पाच करडी आणि दोन पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची! वडील म्हणाले, "मादी खोटी आहे. हिचा कोठे तरी पांढऱ्या नराशी संबंध आला असणार." मादी आठवडी बाजारात मिळेल त्या किमतीला विकली, आणि जेथून जोडी आणली होती त्याच घरून दुसरी करडी मादी आणली. ती व्याली. सहा पिले झाली. पाच करडी, एक पांढरे! आता ही मादीही खोटी म्हणायची, की काय म्हणायचे? मुलगा मला विचारायला आला, "सर, दोष कोणाचा?"

श्रोतेहो, आजचे माझे सारे भाषण म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे उत्तर आहे.

प्रथम, आपण कोणत्या सशाविषयी बोलत आहोत हे स्पष्ट करू. आपल्या माळावर, ज्वारीच्या ताटांत जो ससा उडी मारून पळतो, तो हा नव्हे. तो रानससा. त्याची पिले जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. तो बिळे खणत नाही. पिंजऱ्यातला पाळीव ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा. तो बिळे खणतो, आणि त्याची पिले उघडी व मिटल्या डोळ्यांची जन्मतात. पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे, तर रानसशाच्या पेशीत ४८. म्हणजे दोघे दिसायला भाऊ वाटले, तरी त्यांची सोयरीक जमत नाही. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा प्रयोगासाठी म्हणून कोणी माळावरचा ससा धरू नये, ही विनंती.

आता पाळीव करडा ससा जवळ घ्या आणि त्याच्या पाठीवरच्या केसांत हळूच फुंकर मारा. केस बाजूला होऊन एक गोल भोवरा तयार होतो, आणि त्यात कडी दिसतात. केसाचे बूड पाटीच्या दगडासारखे काळपट, मध्ये पिवळसर पट्टा, आणि टोक काळे. लांबून पाहिले की हे सारे मिसळून डोळ्यांना करडा रंग दिसतो. प्रत्यक्षात करडा असा रंग त्या केसांत नाहीच! सशाच्या अंगात रंगद्रव्ये दोनच. एक काळे-तपकिरी, दुसरे पिवळे-तांबूस. त्यांच्या वाटपातून सारे रंग निघतात. परदेशांतले सशांचे जाणकार प्रदर्शनात अशीच फुंकर मारून परीक्षा करतात. आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या सोव्हिएट चिंचिला या जातीच्या सशाला फुंकर मारलीत, तर मधला पट्टा पिवळा न दिसता मोतिया पांढरा दिसेल. म्हणून तो ससा राखाडी-रुपेरी भासतो.

हे वाटप कोण करते? जनुके. प्रत्येक गुणासाठी पिलाकडे जनुकांची एक जोडी असते. जोडीतले एक बापाकडून येते, एक आईकडून. हे बरोबर निम्मे-निम्मे असते. यात बापाचा वाटा मोठा, आईचा लहान, किंवा उलट, असे मुळीच नाही.

रंगाच्या बाबतीत अशा पाच जोड्या मुख्य आहेत. पहिली जोडी ठरवते, की केसावर पट्टा पडायचा की केस सबंध एका रंगाचा व्हायचा. दुसरी ठरवते, काळे द्रव्य खरेच काळे राहायचे की चॉकलेटी व्हायचे. तिसरी ठरवते, रंग मुळात तयार होऊ द्यायचा की नाही, आणि दिला तर कितपत. चौथी ठरवते, रंग गडद उतरायचा की फिका. काळा फिका झाला की निळसर राखी दिसतो, आणि सशांचे शौकीन त्याला निळाच म्हणतात. पाचवी ठरवते, काळे द्रव्य केसांत किती पसरायचे. ते आखडले, तर ससा तांबूस-पिवळा होतो. ठिपके आणि बांडेपणा यांची जनुके याहून वेगळी. त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे.

आपल्या गोष्टीतल्या सशांचा संबंध आहे तो तिसऱ्या जोडीशी. तिच्यात 'रंग होऊ द्या' म्हणणारे जनुक प्रभावी आहे, आणि 'नको' म्हणणारे अप्रभावी. एक 'हो' आणि एक 'नको' एकत्र आले, तर 'हो'चे चालते. ससा करडाच दिसतो, 'नको' मुकाट्याने आत बसून राहते. पण नराकडून 'नको' आणि मादीकडूनही 'नको' असे दोन्ही एकाच पिलाच्या वाट्याला आले, तर रंगाचे काम बंद पडते. केस पांढरे, आणि बुबुळातही रंग नसल्यामुळे आतल्या रक्ताच्या लालीने डोळे लाल.

शिक्षक बंधू-भगिनींनी हे वर्गात करून दाखवावे. त्यासाठी ससे लागत नाहीत, चिंचोके पुरतात. चिंचोका फोडला की त्याची एक बाजू गडद आणि एक बाजू पांढरी. सारीपाट नाही तर चिंचोक्यांनी खेळणाऱ्या मुलांना हे शिकवायला नको. असे दोन अर्धे चिंचोके घ्या. एक नर, एक मादी. गडद बाजू म्हणजे 'हो', पांढरी म्हणजे 'नको'. दोन्ही एकदम टाका. प्रत्येक टाक म्हणजे एक पिलू. एकूण चाळीस वेळा टाका आणि फळ्यावर मांडत जा. दोन्ही गडद साधारण दहा वेळा, एक गडद-एक पांढरी साधारण वीस वेळा, आणि दोन्ही पांढऱ्या साधारण दहा वेळा पडतील. थोडे इकडे-तिकडे होणारच. एखादा चिंचोका एकाच कुशीवर लोळणारा निघाला, तर त्याऐवजी पैसा वापरावा. म्हणजे चारांत तीन पिले रंगीत, एक पांढरे. आणि त्या तीन रंगीत पिलांपैकीही दोघांच्या पोटात 'नको' दडलेलेच!

हा नियम ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावर प्रयोग करून काढला आणि १८६६ साली छापला. जगाने तो ओळखला १९०० मध्ये. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०५ साली, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे विल्यम कॅसल यांनी ससे व गिनीपिग यांच्या केसांच्या आनुवंशिकतेवर आपला निबंध प्रसिद्ध केला. वाटाण्याचा नियम सशालाही लागू पडतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

आता त्या शेतकऱ्याच्या जोडीकडे पाहा. मादी खोटी नव्हती. ज्या अर्थी पांढरे पिलू झाले, त्या अर्थी नराकडेही 'नको' होते. त्याशिवाय पिलू पांढरे होऊच शकत नाही. दुसरी मादी त्याच घरची, म्हणजे बहुधा नराच्याच नात्यातली. तिच्याकडेही ते दडलेले असणे अगदी स्वाभाविक होते. दडलेला गुण असा नात्यातल्या जोडीत भेटतो. बिचारी पहिली मादी मात्र फुकट बदनाम झाली आणि कवडीमोलाने गेली. ज्याने अर्धा वाटा उचलला होता, तो नर पिंजऱ्यात मानाने बसून राहिला.

मग ज्याला पांढरी पिले नकोच आहेत, त्याने काय करावे? नराची परीक्षा घ्यावी. करड्या नराला लाल डोळ्यांची पांढरी मादी द्यावी. तिच्याकडे दोन्ही 'नको' आहेत, ती काही लपवू शकत नाही. एक जरी पिलू पांढरे झाले, तरी नराकडे 'नको' आहे हे सिद्ध झाले. उलट, आठच्या आठ पिले रंगीत निघाली, तर नर निखळ आहे असे मानायला हरकत नाही. कारण त्याच्याकडे 'नको' असते, तर आठही पिले रंगीत होण्याचा संभव २५६ त १ एवढाच होता. एका वेतात न्याय होतो! साक्षी-पुरावा नको, संशय नको.

पांढऱ्या सशाची आणखी एक गंमत. तो पांढरा आहे म्हणजे त्याच्याकडे इतर रंगांची जनुके नाहीत असे नव्हे. चुन्याची सफेदी दिलेल्या भिंतीखाली निळी असते की हिरवी, हे वरून कळत नाही, तसेच हे. लाल डोळ्यांचे दोन पांढरे ससे एकत्र आले, तर पिले पांढरीच होतील. पण युरोपात व्हिएन्ना नावाची निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या सशांची एक जात आहे. तिचा पांढरेपणा वेगळ्याच जनुकाचा. लाल डोळ्यांचा पांढरा आणि निळ्या डोळ्यांचा पांढरा यांची जोडी लावली, तर पिले रंगीत होतात! कारण एकाकडे जे नाही, ते दुसऱ्याकडे आहे. दोन पांढऱ्यांच्या पोटी काळे पिलू जन्माला आले, तर आमचे ते शेतकरी काय म्हणाले असते, कोण जाणे.

तिसऱ्या जोडीत केवळ 'हो' आणि 'नको' अशा दोनच पायऱ्या नाहीत. मध्येही काही पायऱ्या आहेत. चिंचिलाचा मोतिया पट्टा ही एक पायरी, आणि हिमालयन ससा ही दुसरी. नावावर जाऊ नका. चार्ल्स डार्विन याने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात या सशांची हकिकत दिली आहे. इंग्लंडात रुपेरी-करड्या जातींचे संकर करताना मधूनच अशी पिले निघत, आणि पुढे ती आपल्यासारखीच पिले देत. याचे कारण डार्विनला सांगता येणे शक्य नव्हते, कारण मेंडेलचा नियम तेव्हा कोणाच्या ध्यानात आलेला नव्हता. आज आपले चिंचोके ते सांगू शकतात.

हा हिमालयन ससा जन्मतो पांढरा. वाढू लागला की नाक, कान, पाय आणि शेपूट एवढीच काळी होतात. बाकी अंग पांढरे. असे का? त्याचे रंग तयार करणारे द्रव्य उष्णतेला हळवे आहे. अंगाच्या नेहमीच्या उष्णतेत ते काम करीत नाही, थंडाव्यात करते. नाक, कान, पाय, शेपूट ही टोके धडापेक्षा थंड, म्हणून तेथेच रंग भरतो. त्याच्या पाठीवरचे केस काढून ती जागा थंड ठेवली, तर तेथे नवे केस काळे उगवतात, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. म्हणजे जनुक एकच, पण उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात त्याचे दर्शन वेगळे. कडक उन्हाच्या मुलखात अशा सशाची काळी टोके फिकट पडली, तर 'रक्त बिघडले' म्हणू नये. हवा बदलली, एवढेच. बियाणे आणि रान, दोन्ही मिळून पीक ठरते, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे?

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तो आहे ठिपक्यांच्या सशाविषयी.

इंग्लंडात इंग्लिश स्पॉट नावाची जात आहे. मोठा देखणा कबरा ससा! पांढऱ्या अंगावर नाकाशी फुलपाखरासारखा डाग, डोळ्यांभोवती कडी, कान रंगीत, पाठीच्या कण्यावरून एक सलग रेघ, आणि दोन्ही कुशींवरून मोत्यांच्या सरीसारखी ठिपक्यांची ओळ. असा ससा पाहिला की कोणालाही वाटेल, दोन उत्तम कबरे घ्यावेत, त्यांची जोडी लावावी, की सारी पिले उत्तम कबरी होतील. आपल्याकडेही म्हणतातच ना, खाण तशी माती?

पण तसे होत नाही. पुन्हा चिंचोके टाका. या खेपेला गडद बाजू म्हणजे साधा रंग, पांढरी बाजू म्हणजे ठिपक्याचे जनुक. दोन्ही गडद पडले, तर पिलू सबंध एका रंगाचे, साधे. एक गडद आणि एक पांढरी पडली, तर देखणे कबरे. आणि दोन्ही पांढऱ्या पडल्या तर? तर पिलू जवळजवळ सगळे पांढरे, कोठे कोठे डाग, आणि नाकाखाली अर्धवट मिशीसारखी खूण. चार्ली चॅप्लिनच्या मिशीवरून शौकीन लोक त्याला 'चार्ली'च म्हणतात. कबऱ्याला कबरा दिला, तर चारांत एक पिलू साधे, दोन कबरी आणि एक चार्ली.

नाव विनोदी आहे, पण त्या पिलाच्या नशिबी विनोद नाही. त्याचे मोठे आतडे नीट हालचाल करीत नाही. ते फुगते, विष्ठा आत साठून राहते, आणि पिलू झिजते. अशी अनेक पिले अकाली मरतात. हे काही योगायोगाने घडत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की ठिपके पाडणारे जनुक आणि आतड्याचे हे दुखणे यांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. रंगपेशींना कातडीभर पसरायला ज्या जनुकाची मदत लागते, त्याचाच आतड्याच्या हालचालीशी संबंध आहे. बदललेल्या जनुकाची एक प्रत असली, तर देखणे ठिपके पडतात आणि प्रकृती शाबूत राहते. दोन प्रती झाल्या, की रंगही जातो आणि आतडेही.

मग यावर उपाय? उपाय अगदी साधा आहे, आणि जुन्या जाणत्या शौकिनांना तो अनुभवाने ठाऊक होता. कबऱ्याची जोडी कबऱ्याशी लावायची नाही. कबऱ्याला साधा द्यायचा. निम्मी पिले कबरी होतात, निम्मी साधी, आणि चार्ली एकही नाही. म्हणजे प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या प्रत्येक कबऱ्या सशामागे एक साधा, एकरंगी, कोणाच्या नजरेत न भरणारा आई किंवा बाप उभा असावा लागतो. ज्याने साधी पिले टाकाऊ म्हणून काढून टाकली आणि केवळ देखणी देखणी ठेवली, त्याच्या पिंजऱ्यात पुढच्या पिढीला आजारी पिले येणार, हे ठरलेले. नुसत्या डोळ्यांच्या हौसेने वंश चालत नाही.

ज्यांना ससे पाळायचे आहेत, त्यांना म्हणून तीन गोष्टी सांगतो. एक, वही ठेवा. जोडी कोणत्या दिवशी लावली, मादी केव्हा व्याली, पिले किती, कोणत्या रंगाची, जगली किती, हे लिहा. स्मरणावर विसंबू नका. स्मरण आपल्या आवडीप्रमाणे हिशेब बदलते. दोन, एकाच घरची नर-मादी आणू नका. तीन, प्रकृती आधी, रंग नंतर. मादी पिलांना दूध नीट पाजते का, पिले वजन धरतात का, हे पाहून मग पाठीवर फुंकर मारा.

शाळेत वही ठेवायला मुलांना फार आवडते. सशांची सोय नसेल, तर शेळ्या आहेत, मांजरे आहेत. आई-बापाचा रंग, पिलांचा रंग, एवढेच मुलांनी लिहून आणावे. सर्वच ठिकाणी एक-दोन-एक असा सरळ हिशेब जमणार नाही, कारण पुष्कळ गुणांत अनेक जनुकांचे हात असतात. पण पाहिलेले लिहायचे आणि लिहिलेल्यावरून बोलायचे, ही सवय लागेल. ती सशांपेक्षा मोलाची.

शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. दोष कोणाचा? दोष कोणाचाच नव्हता. पांढरे पिलू हा काही अपराध नव्हे. नराने अर्धा वाटा दिला, मादीने अर्धा. पण पिलू मादीच्या पोटातून बाहेर येते, ते आपल्याला दिसते, आणि म्हणून आपण बोट तिच्याकडे दाखवतो.

आणि श्रोतेहो, आपण असे बोट फक्त पिंजऱ्याकडेच दाखवतो का? मूल सावळे झाले, नाकीडोळी घरच्यांसारखे नसले, की बाळंतिणीच्या खोलीबाहेर काय कुजबुज चालते, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. माणसाच्या कातडीचा रंग सशासारखा एका जोडीवर ठरत नाही. त्यात अनेक जनुके आहेत, आणि त्याचा हिशेब दोन चिंचोक्यांनी मांडता येणार नाही. पण निम्मे आईचे, निम्मे बापाचे, हा नियम तेथेही तोच आहे. आजोबा-पणजीकडचे दडलेले असे काही तरी दोन्ही घरांतून येते आणि नातवंडाच्या तोंडावर उजळते.

मी त्या मुलाला हे सारे सांगितले. फळ्यावर आकडे मांडले, चिंचोके टाकून दाखवले. त्याने घरी जाऊन तेच चिंचोके वडिलांपुढे ओसरीवर टाकले. वडील बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पहिली मादी चांगली होती." ती परत मिळाली नाही. बाजारात गेलेले जनावर कोठे परत मिळते? पण दुसरी मादी त्यांनी ठेवली, तिचे पांढरे पिलूही ठेवले, आणि भिंतीवरच्या खुंटीला एक वही टांगली. पहिल्या पानावर नराचे नाव आहे आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, मादीचे.